निखाऱ्यावर कुठला भाग घालायचा? (बोकड, डुकर, कोंबडी)

मांडवीकाठ
गोव्यात पर्वरीला गच्चीवर कोळशाची शेगडी लावायची आहे. माणसं १२, त्यातले तिघे डुकराचं खात नाहीत. मटण कुठल्या भागाचं घ्यावं हे विचारत फिरल्यावर खालील सल्ले जमा झाले:

– मान आणि सीना (छातीचा भाग) घ्या, हाडालगतचं सगळ्यात गोड.
– सकाळी कापलेलं सकाळीच आणा, तेच मऊ.
– गुलाबी असेल तर कोवळं, काळपट असेल तर शिळं किंवा म्हातारं.
– कच्ची पपई लावून रात्रभर ठेवा.
– मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.
– आधी भडक आचेवर दोन्ही बाजू भाजून रस आत कोंडा.

यातलं काय खरं?

साखळीकर
यातले बरेचसे सल्ले खोटे नाहीत. ते शागुतीचे, म्हणजे मटणाच्या रश्श्याचे आहेत. आपल्याकडे मटण म्हणजे दीड तास पाण्यात किंवा कुकरच्या चार शिट्यांत, त्यामुळे खाटकाकडे पिढ्यान् पिढ्या जे बोललं जातं ते सगळं रश्श्याच्या हिशोबाने. निखाऱ्यावर पाणी नसतं आणि वेळही नसतो. तिथे तीच समजूत उलटी पडते.

मानेचंच उदाहरण घ्या. बोकड दिवसभर मान खाली-वर करत चरतो. जो स्नायू जास्त राबतो त्यात मांसाच्या धाग्यांना बांधणारे पांढरे पडदे आणि शिरा जास्त. हे पडदे ६०-६५ अंशांना आकसतात आणि मांसातलं पाणी पिळून काढतात. ते वितळून लुसलुशीत व्हायला ७० अंशांच्या वर बराच वेळ ओलावा लागतो. रश्श्यात तो मिळतो, म्हणून मान रश्श्यात राणी. शेगडीवर १५ मिनिटांत फक्त आकसण्याचा टप्पा होतो, वितळण्याचा येतच नाही. ताटात येतं ते वातड.

बोकडाचे भाग निखाऱ्याच्या दृष्टीने असे लावा:

चाप (बरगड्यांचा वरचा, कण्यालगतचा भाग) पहिल्या नंबरावर. पाठीचा कण्यालगतचा लांब स्नायू सगळ्यात कमी राबतो. पण घाटावरून येणारे आपले बोकड लहान, सोललेले ८ ते १२ किलोचे. एका बरगडीची चाप जेमतेम बोटभर जाड निघते आणि बाहेरून रंग येईपर्यंत आत सुकते. म्हणून दोन बरगड्यांची एक चाप करून घ्या, त्यातलं एक हाड काढायला लावा. जाडी अडीच-तीन सेंटिमीटर आली पाहिजे. मध्यम आचेवर एका बाजूला ४ ते ५ मिनिटं.

मागची राण, म्हणजे मांडी, दोन तऱ्हेने होते. एक, हाड काढून पुस्तकासारखी उघडायची, सगळीकडे ३ सेंटिमीटर जाडी ठेवायची, २०-२५ मिनिटं. दुसरी, अख्खी, झाकणाच्या शेगडीत निखारे एका बाजूला ढकलून, १५० अंशांच्या आसपास तीन तास, शेवटचा तास केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये बांधून.

खांदा खिम्याला. सीना, मान, नल्ली रश्श्याला परत पाठवा.

एक गोष्ट मात्र गाठ बांधून ठेवा. चाप आणि उघडलेली राण ६५, फार तर ७० अंशांवर उतरवा. अख्खी राण ८५-९० पर्यंत न्या. अधेमधे ७५-८० ला उतरवलेलं मटण सगळ्यात वाईट: पाणी गेलेलं आणि पडदे वितळलेले नाहीत. लोक म्हणतात 'अजून कच्चं राहिलं', पण ते कच्चं नसतं, मधेच अडकलेलं असतं.

करवंटी
चांगलं लिहिलंय. फक्त 'पाठ', 'पुठ्ठा', 'फरा' ही नावं घेऊन बाजारात जाऊ नये. पुठ्ठा म्हणजे एकाकडे पाठ, दुसऱ्याकडे ढुंगण, तिसऱ्याकडे मांडीचा वरचा भाग. बोट लावून दाखवा.

साखळीकर
अगदी. आणि नाव बरोबर सांगितलं तरी हात सवयीने चालतो. चिंचेच्या ओंडक्यावर सुरा पडला की दोन मिनिटांत सगळ्याचे रश्श्याचे तुकडे. वजन करायच्या आधीच सांगायचं: "तुकडे नकोत, चापांची पट्टी अखंड काढा, कण्याचं हाड उभं चिरून वेगळं करा, मग दोन-दोन बरगड्यांवर कापा." सुऱ्याऐवजी करवत असेल तर करवतच. सुऱ्याने हाड फुटतं, त्याच्या कपच्या मांसात शिरतात. रश्श्यात त्या तळाशी बसतात, चापेत दाताखाली येतात.

शिवाय चरबीची जाळी मागा, पोटातला तो जाळीदार पांढरा पडदा. बऱ्याच ठिकाणी मटणाबरोबर अशीच देतात. बोकडाची चरबी मेंढ्यासारखी कातडीखाली साठत नाही, पोटात साठते. म्हणून मेंढ्याची चाप स्वतःच्या चरबीत भाजते आणि बोकडाची सुकते. जाळी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून पसरा, चापेला किंवा खिम्याच्या वळीला एकच वेढा द्या. भाजताना ती वितळून जाते, ताटात दिसतही नाही. दोन वेढे दिले तर मात्र बाहेरचा वितळतो आणि आतला रबरासारखा राहतो.

आगळ
'सकाळी कापलेलं सकाळीच' याबद्दल.

जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. उष्ण हवेत हे लवकर होतं, आणि ताठरलेलं मटण सैल व्हायला थंडीत २४ ते ४८ तास लागतात. म्हणजे पहाटे कापलेलं, सात वाजता घेतलेलं आणि दुपारी बाराला शेगडीवर टाकलेलं मटण नेमकं सगळ्यात ताठ वेळेला भाजलं जातं. रश्श्यात दीड तास उकळल्याने हे लपतं, म्हणून समजूत टिकून आहे. फ्रिज नव्हते तेव्हा ती शहाणपणाचीही होती, कारण मटण ठेवायचं कुठे?

मांडवीकाठ, रविवारची पार्टी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर शनिवारी सकाळी आणा. धुवू नका, स्वच्छ कपड्याने टिपा. ताटात तारेची जाळी ठेवून त्यावर अखंड तुकडा, वरून सैल कागद, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २ ते ४ अंशांवर. दुसऱ्या दिवशी वरचा थर किंचित सुकलेला आणि गडद दिसेल. तसाच हवा, सुक्या पृष्ठभागाला रंग लवकर चढतो.

एकच चूक फार होते. ताजं, अजून कोमट असलेलं मटण थेट फ्रीझरमध्ये. ताठरायच्या आधीच स्नायू १० अंशांखाली गेला तर तो जोरात आकसतो आणि नंतर कितीही ठेवलं तरी सुटत नाही. बोकड लहान आणि बिनचरबीचा, म्हणून लवकर गार होतो, त्याला हा धोका जास्त. बारीक तुकड्यांना त्याहून जास्त, कारण हाडाला धरलेला स्नायू तितका आकसू शकत नाही. म्हणून तुकडे नंतर, भाजायच्या दिवशी.

दोडामार्ग_रोड
दोन दिवस ठेवलेलं मटण म्हणजे शिळंच की हो. घरात ज्येष्ठांना कळलं तर हात लावणार नाहीत.

आगळ
शिळं आणि मुरलेलं यांतला फरक तापमानाचा आहे. हेच मटण ओट्यावर ठेवलं तर दोन तासांच्या वर नको, मे महिन्याच्या दुपारी तर तासाभराच्या वर नको. फ्रिजमधून काढल्यावर बोट लावून बघा. सुकं किंवा जरा ओलसर ठीक, बोटाला तार आली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या, मसाल्याने झाकू नका.

आणि 'चकचकीत ओलं म्हणजे ताजं' हीदेखील समजूतच. मटणावर पाणी शिंपडलं की तेही चकचकतं.

करवंटी
रंगाचं मी सांगते. रंग येतो तो मांसातल्या लाल द्रव्यामुळे. जास्त राबणाऱ्या स्नायूत ते जास्त, वयाबरोबर वाढतं. म्हणजे एकाच बोकडाची पाठ फिकी आणि पाय गडद असू शकतो, दोन्ही तितकेच ताजे. हवा लागली की लाल, न लागल्यास जांभळट, जास्त वेळ उघडं राहिलं की तपकिरी. एकावर एक ठेवलेल्या तुकड्यांची मधली बाजू काळसर दिसते ती याने. वीस मिनिटं उघडी ठेवा, लाल होते. पिशवीत जमणारं लाल पाणीही रक्त नव्हे, तेच द्रव्य पाण्यात उतरलेलं.

वय बघायचंच तर रंगापेक्षा मुंडी बघा, ती तिथेच ठेवलेली असते. खालच्या जबड्याचे पुढचे दात सगळे बारीक, दुधाचे असतील तर वय साधारण वर्षाच्या आत. मधले दोन मोठे आले असतील तर वर्ष ते दीड वर्ष, खाटीक 'दोन दाती' म्हणतात. चार मोठे म्हणजे दोनच्या आसपास. शेगडीसाठी दुधाचे दात किंवा दोन दाती. चार दातींच्या पुढे फक्त खिमा.

मुंडी दिसली नाही तर बरगडीचं हाड: कोवळ्याचं हाड गोलसर, कापलेल्या जागी लालसर, निबराचं चपटं, रुंद, पांढरं.

साखळीकर
त्यात भर: खच्ची केलेला बोकड की नर, हेही विचारा. वयात आलेल्या नराचा उग्र वास त्याच्या चरबीत असतो. शागुतीच्या भाजलेल्या मसाल्यात तो बुडतो, निखाऱ्यावर मीठ-मिरीच्या चापेत नाही बुडत.

मांडवीकाठ
पपईबद्दल कोणी बोललं नाही.

आगळ
पपई काम करते, पण फक्त लागते तिथे. तिचा चीक वरच्या काही मिलिमीटरपलीकडे जात नाही. रात्रभर ठेवल्यावर बाहेर लगदा आणि आत जसंच्या तसं. तो लगदा जाळीला चिकटतो, उलटताना अर्धी चाप जाळीवरच राहते. १ किलो बिनहाडाच्या मटणाला सालासकट वाटलेल्या कच्च्या पपईचा सपाट एक मोठा चमचा, पाऊण तास, बस्स. साल महत्त्वाचं, चीक तिथे जास्त. पिकलेली उपयोगाची नाही. चापेला तर लावूच नका, ती मुळात मऊ आहे. पपई राणेच्या पातळ पट्ट्यांसाठी.

अननसाचंही तसंच, पण त्याला वेळ अजून कमी द्या. डब्यातला अननस आधीच उकळलेला असतो, त्याने काहीच होत नाही.

माडाच्या व्हिनेगरात दोन दिवस ठेवणं ही आपल्याकडची खास समजूत. आंबटाने पहिल्या दोनेक तासांत जरा फरक पडतो, पुढे वरचा थर खडूसारखा कोरडा होत जातो. व्हिनेगर टिकवायला उत्तम, चवीला उत्तम, म्हणूनच विंदालूत आहे. कोळशावर १ किलोला दोन मोठे चमचे आणि दोन तास. फेणीने मटण मऊ होतं असं म्हणणाऱ्यांनी ती ग्लासात घ्यावी. जाळीवर शिंपडली तर फक्त भडका.

करवंटी
मीठ: किलोला १२ ग्रॅम. बारीक मिठाचे सपाट दोन लहान चमचे. आगराचं जाड मीठ असेल तर चमच्यावर भरवसा नको, ते चमच्यात कमी मावतं, वजन करा.

'पाणी सुटतं' हे खरं, पण अर्धंच. मीठ लावल्यावर १०-१५ मिनिटांत थेंब दिसतात. ते पाणी मीठ विरघळवतं आणि तासाभरात बरंचसं परत आत जातं. म्हणून एकतर शेगडीवर ठेवतानाच लावा, नाहीतर आदल्या रात्री. वाईट वेळ एकच, भाजायच्या आधी ५ ते ३० मिनिटं. आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच लावतात, कोळसा पेटेपर्यंत हात रिकामे असतात ना!

मसाल्यातलं आलं, लसूण, मिरची वरच राहतं, खोलवर जातं ते मीठच. 'मसाला आतपर्यंत मुरला' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मीठ मुरलेलं असतं.

बार्देसचो_शेगडी
डुकराचं मी सांगतो, कारण बोकडाचा नकाशा इथे चालत नाही. बोकडाची मान निखाऱ्यावर फुकट, डुकराची मान सगळ्यात उत्तम! डुकराच्या मानेत आणि खांद्याच्या वरच्या भागात मांसाच्या मधून मधून चरबीच्या रेषा असतात, त्या भाजताना मांस ओलं ठेवतात. दोन सेंटिमीटरचे काप, धाग्याला आडवे, एका बाजूला ४-५ मिनिटं. लोक पाठीचं बिनचरबीचं मागतात कारण ते 'साफ' दिसतं, आणि दहा मिनिटांत त्याचा पुठ्ठा होतो (हा पुठ्ठा वहीचा).

पोटाचं चरबीदार मांस थेट निखाऱ्यावर नको, ठिबकून भडका उडतो आणि काजळी बसते. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकण लावून दीड-दोन तास, शेवटची पाच मिनिटं कातडी आचेकडे. बरगड्यांच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा कोरड्या फडक्याने धरून ओढून काढा. तो राहिला तर मीठ-मसाला आत जात नाही आणि खाताना कागद चावल्यासारखा लागतो.

वासाची परीक्षा: विकत घ्यायच्या आधी बोटभर चरबी मागून घ्या, गरम तव्यावर टाका. खच्ची न केलेल्या नराचा वास गार मांसाला येत नाही, तापल्यावर येतो. 'व्हिनेगरने जातो' म्हणतात, पण तो वास चरबीत विरघळलेला असतो, व्हिनेगर तिथे पोचत नाही.

मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे, पाणीदार फोड दिसले तर तो तुकडा नव्हे, सगळंच परत करा. ते फीतकृमीचे कोष. गावठी डुकराचं मांस आत ७१ अंश होईपर्यंत उतरवू नका, गुलाबी ठेवायची हौस बोकडावर भागवा.

दोडामार्ग_रोड
कोंबडी गावठी की ब्रॉयलर? गावठीला चव असते म्हणतात.

बार्देसचो_शेगडी
चव असते, दातही लागतात. गावठी शागुतीला. शेगडीला १ ते १.२ किलोची ब्रॉयलर, आणि तिच्या तंगड्या. छातीचा तुकडा ७४ ला उतरवला नाही तर पुढे दर मिनिटाला सुकतो. तंगडी ८० च्या वर गेली तरी चालतं, उलट सुधारते. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन तिरके चिरे द्या.

काफ्रेआलचा (गोव्याच्या कोंबडीचा) हिरवा मसाला लावणार असाल तर जाळीवर ठेवण्याआधी बोटाने निपटून काढा. कोथिंबीर मांसाच्या आधी जळते आणि कडू होते. उरलेल्या मसाल्यात कच्च्या कोंबडीचा हात लागलेला असतो, तो उकळल्याशिवाय वरून लावू नका. लावायला वेगळा काढून ठेवा.

आणि हाडाजवळ लाल दिसलं की 'कच्ची आहे' म्हणून परत ठेवतात. ब्रॉयलर कोवळी, हाडं सच्छिद्र, मगजातला रंग बाहेर येतो. पूर्ण शिजलेल्या तंगडीतही दिसतो. थर्मामीटर हाडाला न टेकवता जाड भागात घाला, आकडा बघा.

मांडवीकाठ
खिम्याचं थोडं सांगा ना, साखळीकर. सळईवरून नेहमी गळून पडतो.

साखळीकर
कारण 'बिनचरबीचा द्या' म्हणून आणलेला असतो. खांद्याच्या ८०० ग्रॅम मांसाला २०० ग्रॅम चरबी, यंत्रातून दोनदा. मीठ १५ ग्रॅम आधी घाला आणि पाच-सहा मिनिटं कणकेसारखं मळा. हाताला चिकटायला लागला, ओढल्यावर तार आली की झाला. मीठ आणि मळणं यानेच तो बांधला जातो, अंड्याने नाही.

कांदा किसून घट्ट पिळा, पाणी पूर्ण काढा. पाणी राहिलं तर त्याची वाफ होते आणि वळी आतून सळईपासून सुटते. भाजलेल्या चण्याचं पीठ दोन मोठे चमचे. मग तासभर फ्रिजमध्ये. गार खिमा, चपटी सळई, ओला हात. गोल सळई घेऊ नका, ती फिरवली तरी खिमा जागच्या जागी राहतो. पहिली दोन मिनिटं सळईला हात लावू नका.

गरमच खा. बोकडाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते.

करवंटी
कोळशाबद्दल एक समजूत राहिली आणि ती धोक्याची आहे. काजूच्या टरफलांवर भाजलं की खमंग लागतं म्हणे. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, हे काजू फोडणाऱ्या कुणालाही विचारा. त्याचा धूर डोळ्यांना, घशाला आणि त्या मांसालाही. अजिबात नको. नारळाची सोडणं फक्त पेटवणीला, त्यांचा धूर सुक्या बांगड्याला शोभतो. करवंट्यांचे निखारे कडक पण लवकर संपतात, म्हणून लाकडी कोळसा आणि वरून मूठभर करवंट्या.

ज्वाळा असताना काही ठेवू नका. कोळशावर राखाडी थर आला की तळवा जाळीच्या बारा सेंटिमीटर वर धरा: दोन-तीन सेकंदांत ओढावा लागला तर कडक आच, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम.

आगळ
आणि 'रस कोंडणं'. ही कल्पना १८४७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने मांडली आणि जगभर पसरली, आपल्याकडे नंतर आली. कान लावून ऐका: भाजलेल्या चापेतूनही चर्र चर्र येत राहतं. तो रसच बाहेर पडतोय. कवच पाणी अडवत नाही. भडक आच लावायची ती रंगासाठी आणि चवीसाठी, आणि ती शेवटी लावली तरी चालते. जाड तुकड्याला तर शेवटीच बरी: आधी बाजूला झाकणाखाली ५५ अंशांपर्यंत, मग निखाऱ्यावर दोन्हीकडे दीड-दीड मिनिट.

मांडवीकाठ
सगळ्यांचे आभार. १२ जणांना किती आणू?

साखळीकर
हाडासकट माणशी ३५० ग्रॅम धरा. दोन-बरगडीच्या चापा माणशी दोन म्हणजे २४ हव्यात, पण दोन बोकडांच्या पट्ट्यांत तेवढ्या निघत नाहीत. एका बोकडाला बरगड्यांच्या १३ जोड्या, पण खांद्याखालच्या पहिल्या पाच चापेला चांगल्या नाहीत. उरल्या ८, दोन्ही बाजूंच्या मिळून १६, म्हणजे ८ चापा. दोन बोकडांच्या १६. बाकी आकडा खिम्याने आणि एका उघडलेल्या राणेने भरा. डुकराची मान दीड किलो, तंगड्या १२. शेगडी एकच असेल तर डुकर शेवटी, न खाणाऱ्या तिघांचं झाल्यावर. चिमटे, सुरी, ताट वेगळं.

पट्ट्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. ऐनवेळी गेलात तर त्यांचे तुकडे होऊन शागुतीच्या पिशव्यांत गेलेले असतील.

मांडवीकाठ
दोन बोकडांच्या १६ चापा, १२ माणसं. भांडणं होणार.

करवंटी
कापून द्या. राण उतरवल्यावर दहा मिनिटं उघडीच ठेवा, मग धाग्याला आडवे पातळ काप करा आणि पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे, म्हणजे गोल पाव, समोर ठेवा. चापा मोजायला कोणी जाणार नाही.

बार्देसचो_शेगडी
उंडे सकाळीच घेऊन ठेवा, संध्याकाळी पोदेराकडे पोळीच (कोंड्याचा पाव) उरते.